कॅमेऱ्याची गोळी गिळण्याआधी: कॅप्सूल एंडोस्कोपीची तयारी, टप्प्याटप्प्याने

"काल काय खाल्लंत मावशी?"

"काही नाही गं, उपासच होता."

"उपास म्हणजे?"

"साबुदाण्याची खिचडी. एवढीशीच."

एंडोस्कोपी विभागात पेशंटच्या पोटाला सेन्सर लावायचं माझं काम. त्यामुळे हा संवाद थोड्याफार फरकाने मी दर महिन्याला ऐकते. मावशींची तपासणी त्या दिवशी पुढे ढकलली, आणि त्यांना रागही आला. राग येणारच. भाचा रजा टाकून आला होता, पहाटे चारला घर सोडलं होतं. पण गोळी दिली असती तर तासन्‌तास दाण्याचे तुकडे आणि पांढरे गोळे दिसले असते, आणि ती महागडी गोळी एकदा वापरली की संपली.

नेहमीच्या एंडोस्कोपीत डॉक्टर समोर घाण दिसली की पाणी मारतात, ओढून घेतात, नळी मागे घेऊन पुन्हा बघतात. गोळीला यातलं काहीच येत नाही. आतडं ढकलेल तशी ती पुढे सरकते आणि समोर जे येईल त्याचे फोटो काढत राहते. त्यामुळे तपासणी नीट होणार की वाया जाणार, हे बहुतेक वेळा पेशंटच्या घरी, आदल्या दोन-तीन दिवसांत ठरतं.

इथे मी लहान आतड्याच्या कॅप्सूल एंडोस्कोपीबद्दलच लिहिते आहे. रक्त कमी होतंय, नेहमीच्या दोन्ही एंडोस्कोपीत (तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे नळी घालून केलेल्या) कारण सापडत नाही, अशा वेळी ही सांगितली जाते. प्रत्येक केंद्राची पद्धत थोडी वेगळी असते. तुमच्या हातातल्या कागदावर काही निराळं लिहिलं असेल तर तो कागद खरा.

आधी एक घोटाळा दूर करू

इंटरनेटवर 'वायरलेस कॅप्सूल' शोधलं की दुसऱ्याच एका गोळीची माहिती समोर येते. त्या गोळीत कॅमेरा नसायचा. आम्लता, दाब आणि तापमान मोजून जठर किती वेळात रिकामं होतं, आतडी किती वेगाने अन्न पुढे ढकलतात, हे ती सांगायची. त्या तपासणीत गोळी गिळण्याआधी ठरावीक खाऊ मुद्दाम खायला द्यायचे, कारण जठर अन्न कसं हाताळतं हेच तिथे बघायचं असायचं. परदेशातल्या मुलाने ते पान वाचून फोनवर सांगितलं, "आई, खाऊन जायचं असतं," आणि आई पोहे खाऊन आली, असं आमच्याकडे घडलंय. कॅमेऱ्याच्या गोळीला पोट रिकामंच लागतं.

## टप्पा १: गोळी तुमच्या पोटातून बाहेर पडेल ना?

तारीख घ्यायच्या आधी हा प्रश्न मिटवा. गोळी साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असते. निरोगी आतड्याला ती जड नाही. आतडं कुठे आवळलेलं असेल तर मात्र ती तिथे अडकते. साधारण शंभरात एक-दोघांच्या बाबतीत हे होतं. क्रोन्स आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचा) आधीच ठाऊक असेल तर धोका वाढतो.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट येते ती आतड्याच्या टीबीची. टीबी बरा झाला तरी आतड्यावर व्रण राहून ते जागोजागी अरुंद होऊ शकतं. लोक "वीस वर्षांपूर्वी झाला होता, औषधं पूर्ण केली" म्हणून हे सांगतच नाहीत. खाली लिहिलेलं काहीही तुम्हाला लागू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा:

- आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स, कधीही झालेला
- पोटाचं ऑपरेशन, कितीही जुनं
- पोटावर किंवा ओटीपोटावर रेडिएशन
- सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या (यांनीही आतडं आवळतं)
- जेवल्यावर तासा-दोन तासांनी मुरडा, पोट फुगून गुडगुड, मग उलटी
- गिळायला त्रास, अर्धांगवायूनंतर लागणारा ठसका
- पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं यंत्र
- गरोदरपण
- येत्या काही दिवसांत ठरलेला एमआरआय

शंका असेल तर आधी सीटी स्कॅन करतात, किंवा एक विरघळणारी चाचणी-गोळी देतात. ती खऱ्या गोळीच्याच मापाची असते. वाट मोकळी असेल तर अख्खी बाहेर पडते, अडकली तर काही काळाने आतच विरघळते. हा खर्च उगाच वाढवला असं वाटू शकतं. अडकलेली गोळी काढायला दुर्बीण किंवा ऑपरेशन लागतं, त्यापुढे तो किरकोळ आहे.

तपासा: जुन्या सोनोग्राफी-सीटीचे रिपोर्ट पिशवीत घातलेत का? "सगळं नॉर्मल होतं" हे तोंडी सांगणं पुरत नाही.

## टप्पा २: औषधांची यादी, ७ दिवस आधी

सगळ्यात जास्त तपासण्या लोहाच्या गोळ्यांनी बिघडतात. यात एक अडचणच आहे: तपासणी रक्त कमी आहे म्हणून होते, आणि रक्त कमी आहे म्हणून पेशंट लोह घेत असतो. लोहाने आतड्याच्या आतल्या भिंतीवर काळा-हिरवा थर बसतो. बारीकशी रक्ताळलेली जागा त्याखाली दिसत नाही.

म्हणून लोह साधारण आठवडाभर आधी थांबवतात. इथे चूक होते ती लपलेल्या लोहाची. डॉक्टरांची गोळी बंद होते, पण 'रक्तवाढीचं' टॉनिक चालू राहतं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही लोह असू शकतं. पुनर्नवा मंडूर, नवायस लोह, लोहभस्म यांत ते असतंच. "ते आयुर्वेदिक आहे" म्हणून यादीतून वगळू नका.

इसबगोल आतड्यात फुगून बुळबुळीत थर धरतं, तेही काही दिवस आधी बंद. अॅसिडिटीसाठी घ्यायची, आतून लेप देणारी पातळ औषधंही सांगा. कोडीनचा खोकल्याचा काढा आणि ट्रामाडॉलसारख्या गोळ्या आतडं सुस्त करतात. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्याला टोचायची नवी इंजेक्शनं जठर उशिरा रिकामं करतात, त्यामुळे त्यांचा उल्लेख आवर्जून करा. वेदनाशामक गोळ्यांनी आतड्यावर बारीक जखमा होतात आणि त्या आजाराच्या जखमांसारख्याच दिसतात. त्या किती आठवडे आधी सोडायच्या, हे डॉक्टरच ठरवतील.

सावधान: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. या तपासणीत तुकडा काढत नाहीत, त्यामुळे त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. शेजारच्यांच्या कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या नळीच्या तपासणीला) थांबवल्या होत्या म्हणून आपणही थांबवल्या, असं होता कामा नये. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्यांचं उलट आहे. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर खाली जाईल. आदल्या दिवसाचा आणि त्या दिवसाचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

## टप्पा ३: दोन-तीन दिवस आधीचं ताट

बिया, सालं, चोथा. या तिघांना ताटातून काढायचं, बाकी फार विचार नको.

टोमॅटोचं साल हे माझं वैयक्तिक दुखणं आहे. शिजवून, मिक्सरमधून काढूनही ते आतड्यात तसंच राहतं. पडद्यावर लाल, कडा गुंडाळलेली पट्टी दिसते. क्षणभर वाटतं, सापडली रक्ताची जागा. पुढच्या फोटोत ती उलटते आणि कळतं, परवाचं सार. पेरूच्या बिया, अंजीर, वांगं, भेंडी, मका, तीळ, कारळाची किंवा जवसाची चटणी, मोड आलेली मटकी, सालीची डाळ, मेथी-पालक: सगळं बाजूला. भाकरी आवडीची असली तरी हे दोन-तीन दिवस मऊ भातावर काढा.

चालतं काय? मऊ भात, मुगाच्या पिवळ्या डाळीचं वरण, दही, ताक, इडली, साल काढलेला उकडलेला बटाटा, अंडं, काटे काढलेला मासा. फोडणीत मोहरी-जिरं नको. मोहरीचा दाणा पडद्यावर काळ्या गोट्यासारखा दिसतो.

तारीख घेताना कॅलेंडर बघा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र मध्ये येत असेल तर तारीख बदलून घ्या. आपला उपास म्हणजे साबुदाणा, दाणे, राजगिरा आणि रताळं, म्हणजे कॅमेऱ्याला नको असलेलं जवळजवळ सगळं.

## टप्पा ४: आदला दिवस, फक्त निवळ द्रव

सकाळी हलका नाश्ता चालेल की नाही हे कागदावर लिहिलेलं असतं. त्यानंतर दिवसभर फक्त निवळ द्रव. 'निवळ' म्हणजे काय, यावर घरोघरी वाद होतात. माझी साधी कसोटी: पेय काचेच्या ग्लासात घ्या, ग्लासाच्या मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तर चालेल.

पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, गाळलेलं नारळपाणी, बिनदुधाचा चहा, उसळीचा किंवा मटणाचा अळणी सूप गाळून गाळून निवळ केला तर तोही. दूध, दुधाचा चहा, ताक आणि भाताची पेज या कसोटीत बसत नाहीत. पेज तर सगळ्यांना 'पाणीच' वाटते. ग्लासामागचं एक अक्षर दिसत नाही.

लाल-जांभळ्या रंगाचं काहीच नको: कोकम सरबत, सोलकढी, बीट, जांभूळ, गुलाबाचं सरबत. रक्त शोधायच्या तपासणीत आपणच लाल रंग ओतून ठेवायचा नाही.

### पोट साफ करायचं औषध

बहुतेक ठिकाणी संध्याकाळी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर देतात, सहसा दोन लिटर पाण्यात कालवून. काही केंद्रं फक्त उपास आणि निवळ द्रवावर भागवतात. त्यांनी दिलं नसेल तर स्वतःहून आणू नका.

१. पाणी मोजून घ्या. "घोट कमी व्हावेत" म्हणून एका लिटरात कालवू नका.

२. फ्रीजमध्ये गार करा. चव निम्मी सुसह्य होते. लिंबू पिळलं तरी चालतं, सरबताचं सिरप नको.

३. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. घोटघोट चघळत बसलात तर मळमळ वाढते.

४. उलटीसारखं झालं तर अर्धा तास थांबा, फेऱ्या मारा, पुन्हा सुरू करा.

५. दोन जुलाब झाले म्हणून थांबू नका. उरलेलं सगळं संपवा.

तपासा: शेवटचा जुलाब फिकट पिवळा, पाण्यासारखा, कण नसलेला हवा. गढूळ किंवा तपकिरी असेल तर केंद्रावर फोन करा. आल्यावर सांगण्यापेक्षा रात्रीच कळवलेलं बरं, काही उपाय तरी सुचवता येतो.

सावधान: एरंडेल, त्रिफळा किंवा मेडिकलमधली जुलाबाची गोळी हा पर्याय नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर कोणतं औषध, किती पाणी, हे आधी विचारलेलं असायलाच हवं. घरात म्हातारं माणूस असेल तर रात्री संडासापर्यंतचा दिवा चालू ठेवा आणि कुणीतरी जागं राहा. जुलाबाने चक्कर येऊन पडणं, हा आमच्याकडे गोळी अडकण्यापेक्षा जास्त वेळा ऐकू येणारा अपघात आहे.

## टप्पा ५: सकाळ

घन पदार्थ बंद होऊन दहा-बारा तास झालेले हवेत. पाणीही गोळीच्या आधी दोन तास बंद. थायरॉईड-बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर त्याआधीच उरका.

दात घासा, पण मिश्री लावू नका. तंबाखू, गुटखा, सुपारी, विडा, काहीच नको. "गिळत नाही, थुंकतो" हे उत्तर मी रोज ऐकते आणि जठराच्या फोटोत तपकिरी पाणी रोज बघते.

कपडे दोन भागांचे आणि सैल: शर्ट-पँट किंवा सलवार-कुर्ता. साडीच्या परकराची नाडी नेमकी सेन्सरच्या पट्ट्यावर येते आणि वायर निसटते. पोटाला तेल, पावडर, बाम लावू नका, चिकटपट्टी धरत नाही. केस काढायचे असतील तर आम्ही काढू. घरी रेझर फिरवून कापून घेऊ नका.

गोळी डबीतून काढली की तिचा दिवा लुकलुकू लागतो आणि त्याच तालात, फोटो साठवणाऱ्या कमरेच्या रेकॉर्डरचा दिवाही. तो ताल जुळलेला स्वतः बघा. पडद्यावरचं तुमचं नाव वाचा. गर्दीच्या सकाळी एवढी दोन सेकंदं वसूल होतात.

गिळताना बहुतेक जण मान मागे टाकतात.  त्यापेक्षा मान किंचित पुढे झुकवा. अर्धा ग्लास पाणी, एकच गोळी, चावायची नाही. दात लागल्यासारखा वाटला तर बाहेर काढून दाखवा.

## टप्पा ६: पट्टा कमरेला असताना

पहिल्या तासात घरी जायची घाई करू नका. तासाभराने रेकॉर्डरला पडदा जोडून बघतात की गोळी जठरातून पुढे गेली का. बॅटरी बनावटीनुसार साधारण आठ ते बारा तास चालते. गोळी जठरातच चार तास फिरत बसली तर लहान आतड्याच्या वाट्याला काय उरणार? जुना मधुमेह असलेल्यांत हे जास्त होतं. गोळी तिथेच दिसली तर फेऱ्या मारायला सांगतात, आतडं हलवणारं औषध देतात, कधी दुर्बिणीने पुढे सोडतात.

पुढचं वेळापत्रक साधारण असं: दोन तासांनी निवळ द्रव, चार तासांनी हलकं खाणं. हे तास गोळी गिळल्यापासून मोजा. आणि हलकं म्हणजे इडली किंवा दोन टोस्ट. उपास सुटला म्हणून थाळी मागवू नका.

चाला, बसा, ऑफिसचं टेबलावरचं काम करा. वाकणं, जिने पळणं, घाम येईल असं काही नको, घामाने सेन्सर सुटतात. लोकलने जायचं असेल तर गर्दीच्या वेळा टाळा. दादरला उतरताना एकाच्या दोन वायर मागेच राहिल्या होत्या. दुचाकीही नको.

एमआरआयच्या खोलीजवळ आणि मोठ्या रेडिओ ट्रान्समीटरजवळ जाऊ नका. मोबाईल वापरा, फक्त रेकॉर्डरच्याच पाकिटात कोंबू नका.

तपासा: पंधरा-वीस मिनिटांनी एकदा दिवा बघा. बंद दिसला तर वेळ लिहून ठेवा आणि फोन करा. वायर काढून पुन्हा लावायचा प्रयोग घरी करू नका. कधी खाल्लं, कधी पोट दुखलं, तेही वेळेसकट लिहा. फोटोंवर वेळ असते, त्यामुळे दुखण्याच्या वेळी गोळी कुठे होती हे जुळवता येतं.

## टप्पा ७: गोळी बाहेर पडेपर्यंत

पट्टा परत दिला की लोकांच्या लेखी तपासणी संपते. पोटातली गोळी मात्र अजून आतच असते. ती बहुधा एक ते तीन दिवसांत शौचावाटे पडते. बहुतेक बनावटींत फोटो रेकॉर्डरवर आलेले असतात, म्हणून गोळी परत आणायची गरज नसते. एका प्रकारात मात्र फोटो गोळीतच साठतात आणि ती गोळा करून द्यावी लागते. तुमची कोणती, हे निघायच्या आधी विचारून घ्या.

गोळी पडलेली दिसली नाही तरी घाबरू नका, पुष्कळांना दिसत नाही. शेवटच्या फोटोंत मोठं आतडं दिसलं असेल तर ती अरुंद वाट पार करून गेली आहे. तसं दिसलं नसेल आणि गोळीही सापडली नसेल, तर दोन आठवड्यांनी पोटाचा एक्स-रे. गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात नाही. ही गोष्ट घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा, कारण अपघातात तुम्ही स्वतः बोलू शकाल असं नाही.

सावधान: पोटात जोराचा मुरडा, फुगलेलं पोट, सतत उलट्या, वायूही सरत नाही, असं झालं तर वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा, "पोटात कॅमेऱ्याची गोळी आहे."

## रिपोर्ट हातात आल्यावर

पन्नास हजारांहून जास्त फोटो कुणीतरी माणूस बसून बघतो, त्यामुळे रिपोर्ट त्याच दिवशी मागू नका. आला की 'निष्कर्ष' वाचायच्या आधी तीन ओळी शोधा: आतडं किती स्वच्छ होतं, गोळी मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचली का, आणि जठरात व लहान आतड्यात तिला किती वेळ लागला. शंभरात साधारण पंधरा जणांच्या बाबतीत बॅटरी आधीच संपते. अशा रिपोर्टवर 'काही आढळले नाही' लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ 'दिसलं तेवढ्यात आढळले नाही' इतकाच. पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना थेट विचारा.

आणि लोहाची गोळी. तपासणीसाठी थांबवलेली ही गोळी परत सुरू करायचं राहून जातं, आणि महिन्याभराने हिमोग्लोबिन आणखी खाली आलेलं घेऊन लोक परत येतात. पट्टा काढताना मी हल्ली प्रत्येकाच्या फाईलवर पेनाने लिहूनच देते: लोह कधीपासून, ते आज डॉक्टरांना विचारून जा.